पावणेचारला बंद पडणारी मोटर: टाइम स्लॉटच्या वायरलेस जाळ्यात एक घड्याळ मागे पडतं तेव्हा

पाचव्या इमारतीच्या तळटाकीवरची मोटर दुपारी पावणेचारच्या सुमाराला आपोआप बंद पडायची. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून जवळजवळ रोज. टाकीत पाणी असायचं, वीज असायची, मोटर तापलेलीही नसायची. पंपघरात जाऊन रीसेटचं बटण दाबलं की पुन्हा चालू.

आमची सोसायटी इंदुरात लोकमान्य नगरच्या बाजूला आहे. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. जलूदहून ७० किलोमीटर पंप करून आणलेलं ते पाणी आधी तळटाकीत साठतं आणि दुपारी तीन ते पाच या वेळात गच्चीवर चढवलं जातं. मधेच मोटर थांबली आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही, तर संध्याकाळी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींच्या नळाला नुसती हवा येते. हे जाळं मीच उभं केलेलं, त्यामुळे त्यांचा फोन आला की जिवाला लागायचं.

आधी रचना सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आठ इमारती. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर दोन टंक्या (इंदुरात आम्ही मराठी माणसंही टंकीच म्हणतो) आणि खाली एक तळटाकी. प्रत्येकीवर पाण्याची पातळी मोजणारा एक नोड, म्हणजे २४ नोड. शिवाय २५६ फ्लॅटचे पाणी-मीटर. एकूण २८० नोड एकाच गेटवेशी, म्हणजे सगळ्यांचे निरोप गोळा करणाऱ्या मुख्य रेडिओशी, लोरा रेडिओवरून (कमी शक्तीत लांबवर पोचणारी पद्धत) बोलतात, तेही एकाच चॅनलवर. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरता येतो. प्रत्येक नोड पाच मिनिटांतून एकदा २० बाइटचा निरोप पाठवतो. एसएफ९ वर (लोराच्या वेगाची एक पायरी) त्याला १८५ मिलीसेकंद लागतात.

आता २८० जणांनी मनाला येईल तेव्हा बोलायचं ठरवलं तर काय होईल? पाच मिनिटांतली सुमारे १७ टक्के वेळ हवेत कुणी ना कुणी बोलत असेल, आणि नॉर्मन अब्रॅमसन यांनी हवाई विद्यापीठातल्या अलोहा जाळ्यासाठी १९७० साली मांडलेल्या हिशेबाने शंभरातले तीसेक निरोप एकमेकांवर आदळून वाया जातील. बोलण्याआधी कानोसा घ्यायचा उपायही इथे चालत नाही, कारण तिसऱ्या इमारतीच्या पंपघरातल्या नोडला सातव्या इमारतीच्या पंपघरातला ऐकूच येत नाही. दोघांनाही हवा मोकळी वाटते, दोघेही एकदम बोलतात आणि गेटवेला दोघांचंही कळत नाही. म्हणून वेळ वाटून दिली. प्रत्येकाला अर्ध्या सेकंदाचं एक घर, म्हणजे स्लॉट. १८५ मिलीसेकंदांचा निरोप त्या घराच्या बरोबर मधे बसवलेला. दोन्ही बाजूंना साधारण १५७ मिलीसेकंद मोकळे, म्हणजे एका निरोपाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात यांच्यात ३१५ मिलीसेकंदांची फट. २८० घरांचे १४० सेकंद झाले, उरलेला वेळ गेटवेच्या आज्ञांसाठी. दर दोन तासांनी, सम तासाच्या ठोक्याला, गेटवे वेळेचा इशारा देतो आणि सगळे आपापली घड्याळं जुळवून घेतात.

मोटरचा कंट्रोलर तळटाकीच्या नोडवर अवलंबून आहे. सलग सहा निरोप, म्हणजे अर्धा तास पातळी कळली नाही, तर मोटर कोरडी फिरू नये म्हणून तो ती बंद करतो आणि माणूस येऊन बटण दाबेपर्यंत सुरू करत नाही. हा नियम बरोबरच आहे. मी तो बदलला नाही आणि तुम्हीही बदलू नका. त्रासाला कंटाळून सहाचे बारा करावेसे वाटतात, पण मग खरोखर टाकी कोरडी पडेल त्या दिवशी मोटर जळेल.

आदल्या वर्षी काय चुकलं

हा त्रास दुसऱ्या वर्षीचा. आदल्या वर्षी मे महिन्यातही हेच झालं होतं. तेव्हा जो नोड गायब होतो तोच बिघडलाय असं मी धरून चालले. तळटाकी क्रमांक पाचचा नोड पंपघरात, जमिनीखाली, त्याचा सिग्नल उणे १०९ डीबीएम, म्हणजे सगळ्यांत कमजोर. संशय घ्यायला आयता सापडला. अँटेना बदलली, केबल बदलली, बॅटरी बदलली, शेवटी पूर्ण नोडच बदलला. तेवढ्यात जूनचा मध्य आला, पाऊस पडला आणि त्रास थांबला. नव्या नोडने काम केलं असं मी वहीत लिहूनही ठेवलं. हिवाळाभर एक निरोप चुकला नाही. आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच.

तुमच्याकडचा बिघाड ऋतूप्रमाणे येत-जात असेल तर शेवटी जे बदललं त्याला श्रेय देऊ नका. तो भाग परत काढून जुना लावा, बिघाड परत येतो का बघा, मगच वहीत लिहा. मी हे केलं असतं तर वर्ष वाचलं असतं.

खरा धागा दिला तो सोसायटीचं पाणी बघणाऱ्या काकांनी. ते म्हणाले, "अगं, घड्याळ लावल्यासारखी बंद होते ही. मी चहा ठेवायला उठतो आणि हिचा आवाज थांबतो." कमजोर सिग्नल घड्याळ बघून कमजोर होत नाही. बाहेरचा कुणी त्याच पट्ट्यात बोलत असता तर तोही रोज त्याच मिनिटाला बोलला नसता. रोज त्याच वेळेला होणाऱ्या बिघाडामागे वेळापत्रक असतं, आणि आमच्या जाळ्यात वेळापत्रक एकच होतं.

लॉगमध्ये काय बघायचं

गेटवेच्या लॉगमध्ये प्रत्येक निरोपाची आल्याची वेळ असते. कोण आला, कोण नाही एवढंच आपण बघतो. त्यापलीकडे एक वजाबाकी करा: आल्याची वेळ वजा ठरलेली वेळ. प्रत्येक नोडसाठी ही वजाबाकी दिवसभराच्या आलेखावर मांडा. माझ्या मते स्लॉटच्या जाळ्यात याहून उपयोगी आलेख नाही, आणि तो मी पहिल्या दिवसापासून ठेवायला हवा होता.

आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. इशारा मिळाला की उशीर शून्यावर, मग हळूहळू वाढत जातो, पुढच्या इशाऱ्याला परत शून्य. दर दोन तासांना एक दात. बहुतेक नोडचे दात बुटके होते. तळटाकी पाचचा दात तर उलट्या दिशेने, जरासा खाली झुकलेला: दोन तासांत तो चाळीसेक मिलीसेकंद लवकर बोलत होता. म्हणजे ज्याला मी वर्षभर दोष देत होते त्याचं घड्याळ उत्तम चाललं होतं.

उंच दात दिसला तो दुसऱ्याच नोडचा. क्रमांक १४, त्याच इमारतीच्या गच्चीवरची दुसरी टंकी. रात्री त्याचा दात ८६ मिलीसेकंदांचा. दुपारी बारा ते दोनमध्ये साडेतीनशेच्या वर. दोन ते चारच्या दातात तीन पंचावन्नचा निरोप ४५५ मिलीसेकंद उशिरा आलेला. आणि तळटाकी पाचचा स्लॉट कितवा? पंधरावा. बसवताना आम्ही इमारतवार क्रमांक दिले होते: दोन गच्चीचे, मग तळटाकी. त्यामुळे चौदाच्या लगेच मागे पंधरा.

बाकी आकडे आपोआप जुळले. चौदा उशिरा येतो, पंधरा किंचित लवकर, दोघांमधली ३१५ मिलीसेकंदांची फट दोन्हीकडून बुजते. दुपारी दोनला घड्याळं जुळली की सुमारे ७३ मिनिटांनी फट संपते. म्हणजे सव्वातीनपर्यंत सगळं ठीक. तीन वीसचा निरोप गेला, पंचवीसचा गेला, तीसचा, पस्तीसचा, चाळीसचा, पंचेचाळीसचा गेला. सहा झाले. पावणेचारला मोटर बंद. बारा ते दोनमध्ये पेटी इतकी तापलेली नसते, फट उशिरा बुजते, चारच निरोप बुडतात आणि दोनचा इशारा वाचवतो. म्हणून कंट्रोलरने दोनच्या आधी मोटर कधीच अडवली नाही. इतक्या साध्या वजाबाकीत इतकं सगळं बसलेलं बघून मी लॉग परत पहिल्यापासून वाचला.

बळी पंधराच का जातो, चौदा का नाही? चौदाचा निरोप आधी सुरू झालेला असतो. गेटवेचा रेडिओ तो ऐकण्यात गुंतलेला असतो. तेवढ्यात पंधरा बोलायला लागतो, त्याच्या सुरुवातीची ५० मिलीसेकंदांची हाळी, जिच्यावरून गेटवे त्याला ओळखतो, ती ऐकायला कुणी मोकळा नसतो. पुढे दोन्ही निरोप जवळजवळ एकावर एक येतात तेव्हाही गच्चीवरचा आवाज उणे ७८ डीबीएम आणि तळघरातला उणे १०९. मोठा आवाज टिकतो. चौदाचा एकही निरोप हरवला नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. स्लॉटच्या जाळ्यात ज्याचा निरोप हरवतो तो बहुतेक वेळा निर्दोष असतो. वेळापत्रकात त्याच्या आधी कोण बोलतं ते बघा, नकाशावर त्याच्या शेजारी कोण आहे ते नंतर.

घड्याळ दुपारीच का मागे पडतं

या नोडमध्ये वेळ मोजायला ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ क्रिस्टल आहे, मनगटी घड्याळात असतो तसाच. तो २५ अंशांच्या आसपास सर्वांत बरोबर चालतो. त्याहून गरम झाला तरी मागे पडतो, गार झाला तरी मागे पडतो. किती, याचा नियम सोपा आहे: २५ पासून जितके अंश दूर, त्याचा वर्ग, गुणिले ०.०३४. उत्तर पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख सेकंदांत किती सेकंद. ३५ अंशांना ३.४ पीपीएम, ४५ ला १३.६, ५५ ला ३०.६ आणि ६५ ला ५४.४. फरक वर्गाने वाढतो हे महत्त्वाचं. हिवाळ्यातल्या दहा अंशांच्या पहाटे जेमतेम आठ पीपीएम.

मूळ आखणी करताना मी कारखान्यातला फरक धरला होता, अधिक-उणे २० पीपीएम. दोन नोड विरुद्ध टोकांचे निघाले तरी ४० पीपीएम, दोन तासांत २८८ मिलीसेकंद, फट ३१५. कागदावर पास. डिसेंबरात बसवलं, डिसेंबरात तपासलं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या झाकणाच्या पेटीत आतलं तापमान ६५ होईल हे धरलंच नव्हतं. १४ चा क्रिस्टल मुळात १२ पीपीएमने मागे, त्यावर उन्हाचे ५४, मिळून ६६. तळघरातला १५ गारव्यात, उलट ६ पीपीएमने पुढे. फरक ७२.

मग तेराचं आणि चौदाचं का बिनसलं नाही? दोघेही एकाच गच्चीवर तापतात आणि बरोबरच मागे पडतात. दोघांमधली फट तशीच राहते. धोका असतो तो उन्हातला नोड आणि त्याच्या मागे सावलीतला, या जोडीला. बाकी सात इमारतींतही अशी जोडी होती आणि तिथेही दुपारचे दोन-चार निरोप बुडत होते, फक्त सहाचा आकडा गाठला जात नव्हता.

गोणपाटाची चाचणी

कारण सापडलं असं वाटलं की लगेच कोड बदलू नये, आधी कारण हलवून बघावं. मी दुपारी एकला गच्चीवर गेले, एक गोणपाट बादलीत बुडवलं आणि चौदाच्या पेटीवर टाकलं, अँटेना मोकळी ठेवून. दर अर्ध्या तासाने वरून पाणी शिंपडलं. नोडमधल्या तापमानाच्या आकड्याने ६२ वरून उतरत जाऊन ४४ दाखवलं. साडेतीनला खाली आले. काका पंपघराच्या दाराशी मोबाइलवर वेळ बघत उभे होते. पावणेचार झाले, मोटरची घरघर तशीच. तीन पन्नास. चारला इशारा आला आणि लॉगमध्ये पंधराचा एकही निरोप कमी नव्हता. काका म्हणाले, "म्हणजे वरच्या टंकीला ऊन लागलं की खालची मोटर बंद?" हो, तंतोतंत तेच.

तुमच्याकडे गोणपाट नसेल तर जुनी चादर चालेल. खर्च शून्य आणि एका दुपारीत उत्तर.

काय बदललं

सर्वांत आधी क्रम बदलला, कारण त्याला पैसे लागत नाहीत. इमारतवार क्रमांक सोडले. गच्चीवरचे सोळा नोड सलग, मग एक रिकामं घर, मग आठ तळटाक्या, मग मीटर. उन्हातला एकच नोड आता सावलीतल्यांच्या सीमेवर येतो आणि तिथे रिकामं घर आहे.

मग इशारा दोन तासांऐवजी अर्ध्या तासाला केला. ७२ पीपीएम असले तरी अर्ध्या तासात १३० मिलीसेकंदच होतात. बॅटरी लवकर संपेल असा आक्षेप आला, म्हणून हिशेब मांडते. आधी घड्याळ किती भरकटलं असेल याची खात्री नसल्याने नोड इशाऱ्याच्या आधी एक सेकंद जागा व्हायचा आणि नंतर एक सेकंदापर्यंत कान उघडा ठेवायचा, दिवसातून १२ वेळा, म्हणजे २४ सेकंद. आता अर्ध्या तासात भरकटणंच कमी, म्हणून पाव सेकंद आधी आणि पाव नंतर, ४८ वेळा. तेही २४ सेकंदच. खुद्द इशारे ऐकण्याचा वेळ थोडा वाढतो, एवढंच. मात्र इशारा चुकला तर पुढच्या वेळी खिडकी दुप्पट उघडा, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. नाहीतर एकदा भरकटलेला नोड परत कधी इशारा ऐकतच नाही.

तिसरा बदल मला सर्वांत आवडतो. नोडमध्ये तापमान कळतं, नियम माहीत आहे, मग मागे पडण्याची वाट कशाला बघायची? दर मिनिटाला तापमान वाचून ०.०३४ च्या नियमाने येणारी तूट तो नोड स्वतःच भरून काढतो. त्या क्रिस्टलचा जन्मजात फरक, चौदासाठी १२ पीपीएम, गेटवेने रात्रीच्या दातांवरून काढून नोडला कळवला. दोन्ही मिळून चौदाचा दुपारचा दात आता अर्ध्या तासात २० मिलीसेकंदांच्या आत राहतो. नवीन बनवत असाल तर सरळ तापमान-भरपाई असलेलं घड्याळ वापरा. डीएस३२३१ ही चिप शून्य ते ४० अंशांत दोन पीपीएम आणि त्याबाहेर, ८५ अंशांपर्यंत, साडेतीन पीपीएमच्या आत राहते. आमच्या जुन्या सर्किटच्या पाट्यांवर तिला जागा नव्हती.

स्लॉट अर्ध्याऐवजी एक सेकंदाचे का केले नाहीत, असं दोघांनी विचारलं. २८० घरांचे २८० सेकंद होतात आणि गेटवेच्या आज्ञांना २० उरतात, मोटरसाठी ते अपुरे आहेत. तुमच्याकडे मोकळा वेळ असेल तर जरूर करा, लगेच आराम पडतो. फक्त वजाबाकीचा आलेख चालू ठेवा, कारण रुंद घरात घड्याळ भरकटलं तर ते फार उशिरा दिसतं.

आणखी एक गोष्ट राहिली. मोकाट पद्धतीत आमचे तीस टक्के निरोप गेले असते, तरीही एकाच नोडचे सलग सहा जाण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. स्लॉटमध्ये एकूण नुकसान नगण्य, पण ते एकाच्याच वाट्याला, सलग. म्हणून टाक्यांच्या २४ नोडचा क्रम आपापल्या गटात दर फेरीला बदलता ठेवला आहे. नुसतं सगळ्यांना एकेक घर पुढे सरकवून उपयोग नाही, पंगत सरकली तरी पानाशेजारी माणूस तोच राहतो. म्हणून गेटवे इशाऱ्यासोबत एक आकडा पाठवतो आणि त्यावरून प्रत्येकजण त्या फेरीतली आपली जागा काढतो.

तुमचं जाळं किलोमीटरांच्या अंतरावर पसरलेलं असेल, छतावरून छतावर इंटरनेट देणारं, तर आधी अंतराची सेटिंग बघा. रेडिओ लहरीला एक किलोमीटर जायला ३.३ मायक्रोसेकंद लागतात आणि तिथे स्लॉटची सैल जागा मायक्रोसेकंदांतच मोजतात. जीएसएममध्ये (मोबाइलच्या २जी जाळ्याची पद्धत) ५७७ मायक्रोसेकंदांचे स्लॉट असल्यामुळे टॉवर प्रत्येक फोनला त्याच्या अंतराप्रमाणे किती आधी बोलायचं ते सांगत असतो, आणि ती सोय सुमारे ३५ किलोमीटरला संपते. एकाच टॉवरवर दोन अँटेना असतील तर दोघींची फेरी एकदम सुरू होते का तेही तपासा. आमच्याकडे सर्वांत लांबचा नोड ४०० मीटरवर, म्हणून अंतराचा प्रश्न आला नाही.

या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात चौदाच्या पेटीने ६६ अंश दाखवले. त्या दुपारी पंधराचे चोवीसच्या चोवीस निरोप दोन ते चारमध्ये आले, सर्वांत उशिराचा ११ मिलीसेकंद. पेटीवर आता पांढरा रंग दिला आहे आणि वर पत्र्याची छोटी टोपी बसवायची आहे. काकांनी पत्रा आणून ठेवलाय.